कोरडे तांदूळ

करी रोडच्या त्या चाळीत धोंडू परबचं नाव फारसं कुणी काढायचं नाही. चांगलं बोलावं असं कुणाला काही सुचत नसे, आणि वाईट बोलायला त्याने कधी जागा ठेवली नव्हती. कुडाळकडचा माणूस. गिरणीत एकवीस वर्षं साच्यावर, म्हणजे मागावर, उभा राहिलेला. संप लागला त्या दिवशी त्याने जेवणाचा डबा धुऊन फळीवर पालथा घातला आणि बायकोला, रखमाला म्हणाला, "आता सगळे कामार जातले तेव्हाच मी जातलंय."

त्यांची एकुलती मुलगी शांता. तेव्हा सोळा वर्षांची होती.

संपाला सव्वा वर्ष होत आलं, तेव्हा चाळीत कुजबुज सुरू झाली. कुणीतरी चोरून कामावर जातंय. गिरणीत भाजी नेणाऱ्या टेम्पोत, गोणपाटाखाली लपून. फाटकाबाहेर पहाऱ्याला बसलेल्यांना त्याची पाठ तेवढी दिसली होती. पण सदरा ओळखीचा वाटला, आपल्याच चाळीतला.

तो कोण, ते शांताला ठाऊक होतं. शेजारचा भिवा. शिवडीला हमालीला जातो, असं तो सांगायचा. एका दुपारी गॅलरीत तो डोकं पुसत असताना तिला त्याच्या कानाच्या केसांत अडकलेला कापूस दिसला. हमालाच्या कानात कापूस कुठून येणार? तिने पाहिलं, आणि ती पाहतेय हे भिवानेही पाहिलं. त्याची बायको सोनूबाई अधूनमधून परबांकडे टोपभर भात आणून द्यायची. त्या संध्याकाळी भातावर सुक्या बांगड्याचा तुकडा होता.

पुढल्या रविवारी चाळीतल्या मंडळींनी कोंडीराम भगताला आणलं. भर दुपारी अंगणात अकरा गिरणी कामगार ओळीने बसवले. कोंडीरामने सुपातल्या तांदळावर मंत्र पुटपुटला आणि प्रत्येकाच्या तळहातावर चिमूट चिमूट ठेवली.

"चावा आणि पानावर थुका. खऱ्याचे ओले येतले. चोराचे कोरडे."

धोंडूला तीन दिवस ताप होता. रखमा म्हणाली होती, उतरू नका. पण न उतरणं म्हणजे कबुलीच, म्हणून तो उतरला. नऊ जणांच्या पानांवर ओला लगदा पडला. दहावा भिवा, त्याचाही ओला. धोंडूने चावून चावून थुंकलं, तर पानावर नुसतं कोरडं पीठ पडलं.

"मी नाय गेलंय," तो म्हणाला. "माका पाणी द्या वायच. तोंडाक कोरड पडली हा."

पाणी कुणी दिलं नाही. पायताणं मात्र पुष्कळांनी काढली. शांता जिन्यात उभी होती. तोंड उघडलं, तर भिवाचे हाल होतील हे तिला कळत होतं. आणि उद्यापासून भात येणार नाही, हेही कळत होतं. तिने तोंड उघडलं नाही.

त्या दिवसापासून धोंडूशी चाळीने बोलणं टाकलं. तोही मग घरात बोलेनासा झाला. तो ताप क्षयाचा होता, हे पुढे कळलं. वर्षाच्या आत तो गेला. खांदा द्यायला चाळीतला एकच माणूस पुढे आला. भिवा. दहाव्याला त्याने शांताला बाजूला घेतलं.

"तू तेव्हा बोलूक नाय गो बाय. तुझे उपकार आसत." मग, सांगितल्याशिवाय राहवत नसल्यासारखा तो म्हणाला, "माझ्या जिभेखाली चिंचेचा गोळा होतो. भगताचे तांदूळ मी गावाक बघितलेले."

शांता पुढे गिरगावात एका झेरॉक्सच्या दुकानात लागली. दहा वर्षं मशीनच्या उजेडात हात घालण्यात गेली. त्र्याण्णव साली खोताच्या वाडीतला विल्फ्रेड परेरा एक जाडजूड इंग्रजी पुस्तक घेऊन आला. बहारीनच्या भावाने पाठवलेलं, उसनं. पानं निघता निघता शांता वाचत गेली. राक्षस, किल्ले, चेटूक, आणि नुसते नियमच नियम.

"हे काय आहे?"

"खेळ. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्यातली माणसं होतात. काय घडलं ते फासे ठरवतात. ये रविवारी."

ती गेली. विल्फ्रेडच्या लाकडी घराच्या व्हरांड्यात चार-पाच जण जमायचे. वर्षभरात गोष्ट सांगण्याचं काम तिच्याकडेच आलं, कारण तिच्या गोष्टीत कुणालाच सहज काही मिळत नसे, आणि त्यांना तेच आवडायचं.

वकिलीचा अभ्यास करणारा दिगंबर खेळात चोर व्हायचा. त्याची एकच तक्रार. पुस्तकातला शोधमंत्र म्हटला, की लपलेला माणूस दिव्यासारखा उजळून दिसे. "मग मी लपायचं कशाला? मंत्र म्हटला की खलास!"

"तो नियम खोटा आहे," शांता म्हणाली. "मंत्राला माणूस दिसत नाही. त्याला एकच काहीतरी कळतं. कुणाची धडधड, कुणाचा घाम. जेवढं कळलं तेवढंच त्याने सांगावं, नाव सांगू नये. ज्याला मंत्राची रीत ठाऊक आहे, त्याला तो चुकवता आला पाहिजे. आणि लपणाऱ्याचं काहीतरी मागे राहिलंच पाहिजे. मंत्र येत नाही अशा साध्या माणसालाही दिसेल असं."

"आता बरोबर," दिगंबर खूश झाला.

पुढच्या रविवारी तिने त्यांना वेढा पडलेल्या किल्ल्यात नेलं. आतला कुणीतरी शत्रूला दिंडी, मोठ्या दरवाजातलं छोटं दार, उघडून देत होता. विल्फ्रेडच्या मांत्रिकाने शोधमंत्र टाकला. शांताने फासे पाहिले आणि सांगितलं, "पागेत घोडे सांभाळणाऱ्या मोतद्दाराची छाती धडधडतेय. तो थरथरतोय."

पुढे कुणी काही विचारलं नाही. त्यांनी त्या मोतद्दाराचा कडेलोट केला, आणि दिगंबरने त्याबद्दल शाबासकीही मागितली.

"दुसऱ्या दिवशी," शांता म्हणाली, "दिंडी पुन्हा उघडी."

दिगंबर सरळ बसला. "म्हणजे तो नव्हता?"

"नव्हता. त्याला ताप होता."

"मग खरा कोण ते किल्ल्यात कुणालाच ठाऊक नव्हतं?"

"एका मुलीला होतं."

"ती बोलली का नाही?"

"तुम्ही विचारलं नाहीत." ती फाशांकडे बघत राहिली. "आणि विचारलं असतंत तरी बोलली नसती. तिच्या घरी भात यायचा."

विल्फ्रेडने हळूच विचारलं, "शांता, हे खेळातलं आहे ना?"

मग तिने सगळं सांगितलं. अंगण, अकरा माणसं, जिना. तिच्या तोंडून हे पहिल्यांदाच बाहेर पडत होतं, आणि आवाज रोजच्यासारखाच होता. 

"सतरा वर्षांची होतीस," दिगंबर म्हणाला.

"ताप असलेल्या माणसाला घोटभर पाणी द्या, एवढं म्हणायला किती वय लागतं?"

 पुढचे दोन रविवार दिगंबर आलाच नाही. तिसऱ्या रविवारी आला, तो एक कागद घेऊन. शांताचा नियम त्याने स्वच्छ अक्षरात लिहून काढला होता, आणि खाली स्वतःची एक ओळ घातली होती: मंत्राने दाखवलेल्या माणसाला शिक्षा देण्याआधी त्याला बोलू द्यावं. शांताने दुकानात त्याच्या प्रती काढल्या. विल्फ्रेड बहारीनला जाईपर्यंत, म्हणजे आणखी दोन वर्षं, ते त्या नियमाने खेळले.

पण किल्ल्याच्या खेळाच्या त्या रविवारी, सगळं बोलून झाल्यावर, शांता तडक घरी गेली होती. रखमा मासळी साफ करत बसली होती. शांताने तिलाही सांगितलं. भिवाचं, चिंचेचं आणि स्वतःचं. रखमाने विळी आडवी केली, हात धुतले, आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. दीड महिना ती लेकीशी एक शब्द बोलली नाही. भिवा तेव्हाही भिंतीपलीकडेच राहत होता. त्याच्या खोकल्याचा आवाज दोघींनाही ऐकू यायचा.

मग एका सकाळी रखमा म्हणाली, "केस विंचर गो, उशीर होतलो."

शांताने केस विंचरले आणि ती कामावर गेली.