मावशीचे यजमान आणि पडद्यामागचा दिवा

जगात कुठलीच वस्तू बिघडत नाही, ती फक्त रुसते, यावर माझ्या मावशीच्या यजमानांइतका गाढ विश्वास असलेला माणूस भांडुप ते मुलुंड या टापूत तरी दुसरा सापडायचा नाही. काकांनी जन्मभर विक्रोळीच्या एका कारखान्यात यंत्रं सांभाळली आणि निवृत्त झाल्यावर ते घरातल्या वस्तूंचे रुसवे काढायला बसले. त्यांनी दुरुस्त केलेला पंखा फिरतो, पण आधी जरा विचार करतो. मिक्सर चालतो, पण पाठीवरून हात फिरवल्यावर. बरं, घाई म्हणाल तर औषधालाही नाही. स्क्रू काढता काढता त्यांची नजर गॅलरीतून कांदळवनापलीकडच्या खाडीकडे जायची आणि मग काकाही तिकडेच. चहाची बशी होऊन जायची गार. मावशीने हाक मारली की तिकडूनच उत्तर यायचं, "कामच करतंय गो."

तर या घरातला लॅपटॉप रुसला. माझ्या मावसबहिणीने पहिल्या पगारातून आईवडिलांना घेऊन दिलेला. बहीण कॅनडात गेली, लॅपटॉप इथेच म्हातारा झाला आणि एका दुपारी त्याचा पडदा काळा पडला. मी म्हटलं, वाट लागली, आता नवा घ्या. काकांनी टॉर्च आणली आणि पडद्यावर तिरकी धरली. विहिरीच्या तळाशी काहीतरी हलावं तसं अंधारात सगळं पुसट दिसत होतं. "आत सगळा आसा रे," ते हळूच म्हणाले, "फकत मागचो दिवो गेलो." आणि गंमत म्हणजे, ते त्यातच रमले. पुढे कितीतरी दिवस टॉर्चच्या उजेडात एकेक ओळ शोधत ते बातम्या वाचायचे. म्हणायचे, असं वाचलं की बातमीसुद्धा शांत वाटते.

तेवढ्यात कॅनडात बहिणीला मुलगा झाला. मावशीचा व्हिसा काही आला नाही. मोबाइलवर बाळ बघायला गेली, तर तिच्या डोळ्यांना ते पावट्याएवढं दिसायचं. लॅपटॉपवर बघावं, तर टॉर्चच्या गोलात आज कान, उद्या हनुवटी. एकदा ती तोंड फिरवून रडली. "नातू असो तुकड्यातुकड्यांनी बघूचो?" शनिवारी तिकडे संध्याकाळी बारसं होतं, म्हणजे आपल्याकडे रविवार सकाळ. तोवर बाळ तिला आख्खं बघायचं होतं. मी माझा लॅपटॉप देऊ केला, पण तो दोघांनाही नको होता. पोरीने दिलेल्याच पडद्यावर पोरीचं पोर दिसायला हवं होतं.

काका पहिल्यांदाच घाईला लागले. लॅमिंग्टन रोडवर पायपीट करून दिव्याची पट्टी आणली आणि पडदा उघडला. आतले, उजेड सारखा पसरवणारे, दुधी प्लास्टिकचे पातळ कागद पुसून गॅलरीत सावलीला ठेवले आणि मग, सवयच ती, जरा खाडीकडे बघत बसले. डोळा लागला. जाग आली तेव्हा मावशीने त्या कागदांवर पोह्याचे पापड ओळीने वाळत घातले होते! काकांचा चेहरा बघून ती बिचारी गोरीमोरी झाली. "माका वाटला, तुमी पापडांकच नवा प्लास्टिक आणल्यात." मे महिना, हातात लाटलेले पापड आणि समोर इतकं झकास, स्वच्छ प्लास्टिक, कोकणातली कुठली बाई दुसरं काही करेल? काका रागावले नाहीत. तेलाचे डाग पुसत बसले. सगळे काही निघाले नाहीत.

रविवारी सकाळी मी पोचलो तेव्हा पडदा बसवून झाला होता आणि पेटत नव्हता. कुठलीतरी वायर बिजागरीपाशी सैल पडली होती. काकांनी मागून अंगठ्याने एक कोपरा दाबला आणि पडदा पेटला. अंगठा काढला की अंधार. तिकडून फोन आलाच होता. काका स्टुलावर, लॅपटॉपच्या मागे, कोपरा दाबून बसले. पडद्यावर फिकट पिवळी वर्तुळं उमटली आणि त्या पापडांच्या चांदण्यात पाळणा दिसला. मग बाळ. आख्खं.

"दिसता मा गो?" मागून काका.

"दिसता हो! केस बघा केवढे! नाक तुमचाच!" मावशी हसत होती, रडत होती आणि पाळण्याचं गाणं तिच्या तोंडून निम्मंच बाहेर पडत होतं. मला एकदम जाणवलं, या सगळ्यात आजोबांनी नातू आख्खा बघितलेलाच नाही. मी उठलो आणि म्हटलं, "काका, द्या, मी धरतो. तुम्ही पुढे या."

त्यांनी मान हलवली. नव्या दिव्याचा सगळा उजेड मावशीच्या तोंडावर पडला होता आणि ते एकटक तिकडेच बघत होते.

"रवांदे रे," ते म्हणाले. "माका हयसूनच बरो दिसता."