दातांच्या पट्ट्यातली फट

शनिवार, ९ फेब्रुवारी २०१९. कॅटफिशच्या अंगावर खवले नसतात. कोणत्याही मासळीबाजारात हे तपासून पाहता येते. इतर माशांची जात ठरवताना खवले मोजता येतात, इथे ती सोय नाही. उरतात त्या मिशा, अंगावरचे पट्टे, डोक्याची ठेवण आणि वरच्या ओठाआड दडलेला बारीक दातांचा पट्टा. त्या सकाळी कवळीकाकू न्हाणीघरात टबाशेजारी बसून नेमका याच पट्ट्याचा ठसा घेत होत्या.

हे नाव त्यांना गल्लीने दिले होते. एकतीस वर्षे त्या दंतवैद्यांसाठी कवळ्या घडवत आल्या होत्या. मासा यजमानांनी आणलेला. तेव्हा तो बोटाएवढा होता आणि दुकानदाराने ‘अस्सल पट्टेरी, नदीतला’ म्हणून गळ्यात मारला होता. पुढे यजमान गेले, मासा वाढतच राहिला. काकूंच्या वहीत दरमहा त्याची लांबी आहे: पहिली नोंद सात सेंटीमीटर, शेवटची ब्याऐंशी. टाकीची रुंदी मात्र पंचाहत्तर. वळताना त्याला अंग दुमडावे लागे, आणि काचेला घासून नाकाचा शेंडा पांढरा पडला होता.

सार्वजनिक मत्स्यालयातली मोठी टाकी हा एकच मार्ग दिसत होता. तिथले अधिकारी फोनवर म्हणाले होते, “आमच्याकडे या जातीची जोडी आहे, आणि दुकानांत संकर सर्रास विकतात. फोटो मिळाले, पण दातांच्या पट्ट्याचा साचा द्या. माझ्याकडच्या नमुन्यांशी जुळला तर सोमवारी गाडी पाठवतो.”

टबात लवंगेच्या तेलाचे मोजून थेंब पडले होते. मासा गुंगीत होता. काकूंची थोरली नणंद तांब्याने त्याच्या कल्ल्यांवर पाणी सोडत होती.

“वहिनी, हा झोपलाय की सोंग करतोय गं?”

“कल्ले हलतायत ना, तेवढं बघा वन्सं. हात थांबवू नका.”

“माझ्या कवळीचा ठसा घेताना एवढी हळुवार नव्हतीस.”

“तुमचं तोंड मिटत नव्हतं. हा बिचारा हूं की चूं करत नाहीये.”

रविवारी सकाळी ठशात प्लास्टर ओतून साचा निघाला. पट्ट्याच्या मधोमध तांदळाएवढी फट दिसली. ओतताना हवेचा बुडबुडा अडकला असेल, म्हणून काकूंनी ती मेणाने भरली आणि पात्याने गुळगुळीत केली. कवळीच्या साच्यात राहिलेले भोक पुढे माणसाच्या हिरडीला टोचते; त्यामुळे भोक दिसले की हात आपसूक मेणाकडे जाई. दुपारी साचा पाहून अधिकारी खूश झाले. “पट्टा अखंड आहे. उद्या गाडी येते.”

दिवेलागणीला टेबल आवरताना मूळ रबरी ठसा काकूंच्या हाती आला. सवयीने त्यांनी त्यावर अंगठा फिरवला आणि तो मध्येच अडला. ठशात सगळे उलटे उमटते; फटीच्या जागी बारीक उंचवटा होता. प्लास्टरमधल्या बुडबुड्याने ठशावर उंचवटा येत नाही. फट माशाच्या तोंडातच होती.

“वन्सं, मी चुकीचा साचा देऊन आले.”

सगळे ऐकून नणंद म्हणाली, “गाडी ठरलीय. कोणाला कळणारे?”

“मला कळलंय.”

“म्हणजे तुझी वही स्वच्छ राहावी म्हणून त्यानं इथंच नाक घासत बसायचं?”

हे काकूंच्या वर्मी लागले. त्या टाकीसमोर उभ्या राहिल्या. मासा वळायला निघाला, शेपटी काचेला आपटली, थांबला.

“तिथे जोडी आहे, वन्सं,” त्या शेवटी म्हणाल्या. “हा संकर निघाला, तर पुढे होणाऱ्या पिल्लांचीही नोंद खोटी पडेल. आणि ती माझ्या मेणानं.”

त्यांनी फोन लावला. मेणाचे ऐकून अधिकारी म्हणाले,

“फट आहे म्हणजे संकरच, असं नाही. पण नाहीच, असंही म्हणवत नाही. मोठी टाकी विसरा. मागे एक हौद आहे, दुरुस्तीला सहा आठवडे जातील. तिथे एकटा राहील. बघायला कोणी फिरकत नाही.”

“त्याला बघणारे कशाला हवेत? वळायला जागा हवी.”

ते सहा आठवडे काकूंच्या जिवावर आले. खाणे निम्म्यावर आणले, रोज पाणी बदलले, काचेच्या दोन्ही टोकांना मऊ स्पंज लावला. पाण्याच्या बादल्या नणंदेनेच वाहिल्या, अर्थात कुरकुरत. २५ मार्चला गाडी आली. हौदात सोडल्यावर मासा तळाशी तासभर निपचित पडला, मग उठून भिंतीला न शिवता एक पूर्ण फेरी मारून आला.

“सुटली एकदाची कंबर,” नणंद म्हणाली आणि पदराने डोळे टिपले.

साचा नव्याने ओतला गेला, फट जशीच्या तशी ठेवून. तो आणि रबरी ठसा आज मत्स्यालयाच्या कपाटात आहेत. अधिकाऱ्यांच्या कोणत्याही नमुन्याशी तो पूर्ण जुळत नाही आणि त्यांतल्या एकापासूनही पूर्ण वेगळा ठरत नाही. ती फट जन्माची की काचेवर तोंड आपटून पडलेली, ठाऊक नाही. दुकान कधीच बंद झाले. दुकानदार खोटे बोलला की त्यालाही तसेच सांगितले गेले होते, हे विचारायला कोणी उरलेले नाही. मासा कोणत्या जातीचा, हे अजून ठरलेले नाही.