राखणदार आधी कोण होता

"खलनायक झकास आहे, पण तो असा का झाला?" पुण्याहून आमची संपादक मीरा फोनवर विचारत होती. "पुढच्या अंकात ओरिजिन हवं."

ओरिजिन म्हणजे पात्राची जन्मकथा. मी जळगावात राहून कॉमिक्स लिहिते आणि काढते. आमचा खलनायक 'राखणदार' चोरांना स्वतःच पकडतो आणि शिक्षाही स्वतःच देतो. पोलीस नाही, कोर्ट नाही. आधी चोरांना, मग नुसत्या संशयितांनाही.

"एखादा अपघात दाखव," मीरा म्हणाली. "चेहरा भाजला वगैरे."

"चेहरा भाजला तर माणूस दवाखान्यात जातो गं. लोकांना मारत सुटत नाही."

"मग काय होतं, ते तूच सांग."

मला ते माहीत होतं. अडचण एवढीच, की ती माझ्या मामाची गोष्ट होती.

रावेरला मामाची केळीची बाग होती. सुट्टीत आम्ही तिथेच असायचो. बाहेर रस्ता भाजून काढायचा आणि बागेत शिरलं की पायाखाली ओला गारवा. मामा केळीच्या पानावर भाकरी-ठेचा वाढायचा. रस्त्यानं कुणी जाताना दिसलं, की हाक मारून त्यालाही बसवायचा.

एका सकाळी बाग आडवी झालेली दिसली. घड लागलेली खोडं कुणीतरी कापून टाकली होती. कुणी, ते कधीच कळलं नाही. मामानं बाग पुन्हा लावली, पण आता तो काठी घेऊन फिरायचा. हाका बंद झाल्या. वाट चुकून बागेत आलेल्या एका मजुराला त्यानं इतकं मारलं, की शेजाऱ्यांनी मामाला ओढून बाजूला केलं. मग शेजारीही येईनासे झाले.

मामा आता नाही. पेन्सिलीतली कच्ची पानं घेऊन मी रावेरला मामीकडे गेले. मजुराच्या चौकटीवर तिचं बोट थांबलं.

"हे बी दाखवशीन?"

"तू नको म्हणालीस तर नाही. पण हे नसलं, तर तो नुसता बिचारा वाटेल."

मामीनं ते पान जवळ ओढलं.

"दाखव. त्या मानसानं मार खाल्ला, ते खोटं कसं करशीन? पन त्याच्या आंधी त्याले हसतांना काढ. लोकायले जेवाले बसवतांना. तो बी तोच व्हता."

मी जेवणाचं स्प्लॅश पेज केलं. म्हणजे पूर्ण पानभर एकच चित्र. ते सहसा मारामारीसाठी राखून ठेवतात.

"स्प्लॅशवर जेवण?" मीरानं विचारलं. मग सगळी पानं वाचून तिचा फोन आला. "राहू दे. अपघात नको."

बागेच्या त्या पानावर शाई फिरवताना मी मुद्दाम हळू काम केलं. पुढच्या पानावर मामा काठी उचलणार होता.

अंक आला. धुळ्याच्या पुस्तक प्रदर्शनात एका बाईंनी तो उभ्या उभ्या वाचला आणि म्हणाल्या, "ताई, नायकाच्या हातून याला मारू नका." तसेच मेसेज मग बऱ्याच वाचकांचे आले.

नायक राखणदाराला बदडून काढतो, तो पुढचा अंक तोवर तयार होता. तो मला पहिल्या पानापासून पुन्हा काढावा लागला. खलनायकाला गणगोत दिलं, की नायकाचं काम अवघड होतं आणि चित्रकाराचं दुप्पट.