सुमनचा साइडबोर्ड

सुमन गेल्याचं मला मेहकरच्या स्टँडवर कळलं. चिखलीच्या आमच्या जुन्या शाळेतला शिपाई एसटीतून उतरता उतरता म्हणाला, "बाई, तुमच्या मैत्रीणबाई गेल्या... कावीळ झालती." मी तिथेच पिशवीवर बसले. बदली होऊन मी मेहकरला आले नसते तर निदान शेवटची भेट तरी झाली असती.

आम्ही दोघी एकाच शाळेत शिकवायचो. एका साहेबानं बदलीच्या वेळी सामान विकायला काढलं, त्यातून सुमननं एक मोडका सागवानी साइडबोर्ड उचलला. लांब, बुटका, भांडी ठेवायचा. जमिनीवर मांडी घालून जेवणारी आमची गल्ली, तिथे हे नावही कोणी ऐकलं नव्हतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही दोघींनी तो काचकागदानं घासला, लाखेचं पॉलिश चढवलं. देखणा निघाला. सुमन त्यात भाकऱ्या, लोणच्याच्या बरण्या ठेवू लागली. पुढे सासूबाई राहायला आल्या, खाटेला जागा पुरेना, म्हणून तिनं तो विकायला काढला.

गिऱ्हाइकं यायची, हात फिरवायची, भाव करायची. मग ही बया मुद्दाम सांगायची, "आम्ही बौद्ध हावो. माह्या भाकरी राह्यते यात." लोकांना लगेच कुठलं तरी काम आठवायचं. "घरी विचारून सांगतो" म्हणून गेलेला एकही परत फिरकला नाही. मी चिडायचे. "काऊन सांगते वं? इकून मोकळी हो ना!"

"लाकूडच इकाचं असतं तं टालावर नेलं असतं," ती हसायची. "माह्यं नाव मालूम असून कोणाच्या तरी सैपाकघरात जाऊ दे. एकाच्या."

मी घेते म्हटलं तर उडवून लावलं. "पाटलाची असून माह्या ताटातलं खाते तू. तुले इकून काय झालं?"

ते एक घर तिला मिळालं नाही... ती गेल्यावर तिच्या नवऱ्याला, शामरावांना, गिऱ्हाइकांशी बोलायचं बळ राहिलं नव्हतं. त्यांनी तो खामगावच्या जुन्या सामानाच्या दुकानात देऊन टाकला.

गेल्या आठवड्यात मी खामगावला नणंदेकडे गेले, तर तिच्या स्वयंपाकघरात सुमनचा साइडबोर्ड! वर पितळी डबे, आत वाट्या. मला रडूच फुटलं. नणंद कौतुकानं म्हणाली, "पाहा ना वहिनी, दुकानातून आणला. कोणाचा होता कोण जाणे, पण कसा जपेल हाय!"

मी सांगितलं. नाव, वस्ती, भाकऱ्या, सगळं. सुमनचं म्हणणंच होतं तसं. आनंदानं सांगितलं, वेडी मी.

नणंदेनं चहा दिला, पोह्यांवर लिंबू पिळलं. बाई वाईट नाही. माझ्या आजारपणात तिनंच माझं सगळं केलं. पण कप विसळायला मी आत गेले तेव्हा ती खाली बसून एकेक वाटी बाहेर काढत होती. मला पाहून ओशाळली.

"यात आता बी-बियाणं ठेवून देऊ, वहिनी," म्हणाली. "लाकूड मजबूत हाय."