फुटपाथखालचं मूळ

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. बायकोला माझं जवळपास सगळं ठाऊक आहे, पण हे नाही. आता तुम्हाला काहून सांगून राहिलो, ते मलाही नीट उमगलेलं नाही. कदाचित तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. कदाचित उद्या रस्त्यात आपण समोरासमोर आलो तरी तुम्ही खाली पाहून निघून जाल — आणि खाली पाहणारी माणसं मला बरी वाटतात.

मीही खालीच पाहतो. सवयच लागली आहे. मी फुटपाथ बांधणारा माणूस. शिकलो सिव्हिल इंजिनिअरिंग, स्वप्नं पुलांची होती, आणि आयुष्य गेलं नागपुरातल्या फुटपाथांवर. आधी एका ठेकेदाराकडे साइट इंजिनिअर, आता स्वतःची लहानशी कामं. कुठेही गेलो तरी फुटलेला फुटपाथ दिसला की मी थांबतो. भेग कुठून सुरू झाली, कुठे गेली, कुठली कड वर आली — वाकून बघत बसतो. बायको पुढे जाऊन परत येते. "काय हरवलं का?" म्हणते. मी म्हणतो, काही नाही.

भेगांचं कुतूहल मला पहिल्यापासून होतं, हे मात्र खरं. काँक्रीट सुकताना आकसतं, त्यामुळे ते तडकणारच. चांगला बांधणारा फक्त एवढंच ठरवतो की कुठे तडकायचं. माल ओला असतानाच ठरावीक अंतरावर खाचा पाडायच्या, नाहीतर दुसऱ्या दिवशी कटर मारायचा. मग भेग त्या खाचेतच गुपचूप पडते आणि कोणाला दिसत नाही. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला फार नवल वाटलं होतं. तडकू नये म्हणून नव्हे, नीट तडकावं म्हणून केलेली सोय.

बाकीचे नियमही तसे साधेच. आपल्याकडची काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून ती आधी काढायची. तिच्या जागी मुरूम भरायचा — थराथरानं, पाणी मारून, ठोकून. त्यावर काँक्रीट. उंची एवढीच, की म्हाताऱ्या माणसाला गुडघ्यावर हात न ठेवता चढता यावं. फाटकापाशी उतार. मग गोणपाट टाकून ओलं ठेवायचं. यात समजायला कठीण काय आहे? काहीच नाही. मला सगळं पाठ होतं.

पूर्व नागपुरात, लकडगंजच्या पलीकडे एक गल्ली आहे. ठेकेदाराकडे होतो तेव्हा तिचं काम माझ्याकडे होतं. गल्लीच्या तोंडाशी सिस्टरांचं घर — सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स, वत्सलाबाई. पण सगळी गल्ली त्यांना सिस्टरच म्हणायची. कोणाच्या पोराला ताप आला की आधी सिस्टरांकडे, मग डॉक्टरकडे. एकट्या राहायच्या. मुलगी लग्न होऊन भिलाईला. त्यांच्या फाटकाच्या कोपऱ्यावर करंजाचं एक झाड होतं. पालिकेनं गल्लीभर रोपं लावली होती म्हणे, त्यातलं हे आणि पुढची दोन-तीनच जगली. हे जगलं ते सिस्टरांमुळे. ड्यूटीवरून आल्या की आधी झाडाला बादलीभर पाणी, मग स्वतःला चहा. एप्रिलात बाकीची झाडं सुकून उभी असायची आणि करंज नवीन पानांनी असा लखलखायचा, की भाजीवाले, सिलिंडरवाले, शाळेच्या रिक्षाची वाट पाहणाऱ्या आया — सगळे त्याच्याखाली. माझी माणसंही तिथेच डबे उघडायची. सिस्टर माठातलं पाणी आणून द्यायच्या.

त्यांच्या घरासमोरचा तुकडा टाकायच्या दिवशी जामठ्याच्या स्टेडियमवर क्रिकेटची मॅच होती. माझ्या खिशात तिकीट होतं.

हे सांगताना मलाच कसंतरी होतं. निदान मोठं काहीतरी कारण हवं होतं — घरात आजारपण, वरून दबाव. तसं काही नव्हतं. एक मॅच होती. काळी माती खणून झाली होती, पण वरवरची. खाली अजून हातभर शिल्लक होती. मुरमाची गाडी आली नव्हती. मुकादम म्हणाला, "साहेब, गाडी पारडीले अटकून राहिली. मिक्सर तर येऊन उभा आहे. काय करू?"

मी घड्याळ पाहिलं. वर्धा रोडवरची गर्दी डोळ्यांसमोर आली. म्हणालो, "टाका माल. काही होत नाही."

आणि निघालो. खाचा कोण पाडणार, हेही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी उशिरा पोहोचलो, तोवर कटर दुसऱ्या साइटवर गेला होता. फुटपाथ गुळगुळीत, सुंदर दिसत होता. सिस्टर फाटकात उभ्या राहून म्हणाल्या, "घरातल्या फरशीपेक्षा चांगला झाला गा."

पावसाळा गेला. एके सकाळी मालकाचा, म्हणजे ठेकेदाराचा फोन — त्या गल्लीत कोणीतरी पडलं, पालिकेचे साहेब बघायला येऊन राहिले, तू जा. मी गेलो. सिस्टरच पडल्या होत्या. दूध घ्यायला निघाल्या आणि त्यांच्या फाटकासमोर फुटपाथची वर आलेली कड चपलेत अडकली. मनगट मोडलं. हाताला प्लास्टर, गळ्यात झोळी, आणि तशाच खुर्ची टाकून फाटकात बसलेल्या.

मी भेग पाहिली. पाहताक्षणी कळलं. ती आडवी, मधोमध गेली होती — खाच जिथे असायला हवी होती तिथून थोडी बाजूला. वर उचललेली कड झाडाच्या बाजूची नव्हतीच. दुसऱ्या टोकाची होती. खाली माती फुगली होती, बस. भेगा वाचणाऱ्याला यापेक्षा स्वच्छ अक्षर मिळायचं नाही.

साहेबांनी विचारलं, "काहून झालं हे?"

मी काय केलं, सांगू? मी बोललोसुद्धा नाही. मान वर करून फक्त करंजाकडे पाहिलं.

"मुळं?" साहेब म्हणाले.

"तसंच दिसते," मी म्हणालो.

दोन शब्द. मी पुष्कळदा विचार करतो — ते बोलण्याआधी मी ठरवलं होतं का? नाही, शपथेवर सांगतो, नाही. मला कोणी धमकावलं नव्हतं. खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं? मालक ओरडला असता, तुकडा पुन्हा करून द्यावा लागला असता. तो तसाही करून द्यावाच लागला. मग काहून? माझी मान आपोआप वर कशी गेली? इतक्या भेगांची कारणं शोधली, या एका गोष्टीचं मला अजून सापडलेलं नाही.

सिस्टर ऐकत होत्या. मला वाटलं, आता भांडतील. झाडावर जीव होता त्यांचा. त्या खुर्चीतून उठल्या, प्लास्टरचा हात सांभाळत झाडापाशी आल्या, बुंध्याकडे पाहिलं आणि चक्क हसल्या.

"म्हणजे माझ्याच झाडानं मले पाडलं का?"

मग त्या माझ्याकडे वळल्या. "मीच पाणी टाकून टाकून वाढवलं त्याले. मले काय माहीत, खालून असं करून राहिलं म्हणून. तुमचं एवढं चांगलं काम खराब झालं ना गा बेटा. वाईट नको वाटून घेऊ."

त्यांनी माझी माफी मागितली. मोडलेला हात गळ्यात बांधून. आणि मी — मी म्हणालो, "जाऊ द्या सिस्टर, होते असं."

साहेबांचा विचार फक्त बाजूची मुळं छाटून फुटपाथ दुरुस्त करायचा होता. तोडायचा आग्रह सिस्टरांनी धरला. "आज मी पडली, उद्या कोणाचं पोरगं पडंल. माझ्या सावलीसाठी लोकायचे हातपाय मोडू का?" आयुष्यभर दुसऱ्यांची दुखणी पाहिलेली बाई. मला हे आधीच कळायला हवं होतं. परवानगी निघाली, हरकती मागवल्या गेल्या. जिनं हरकत घ्यायची तीच तोडा म्हणत होती, मग बाकी कोण बोलणार? त्या दिवसांत मला रोज वाटायचं, आज जाऊन सांगू. रोज गल्लीच्या तोंडापर्यंत जायचो आणि गाडी सरळ पुढे काढायचो.

झाड सकाळी पाडलं. दुपारी माझी माणसं जुना तुकडा फोडायला लागली. आणि इथे मी जे केलं ते ऐका, कारण ते मलाच विचित्र वाटतं. मी एका माणसाच्या हातून सब्बल, म्हणजे पहार, घेतली आणि स्वतः खणायला लागलो. गुडघ्यावर बसून, हातांनी माती उकरून. मला मूळ सापडायला हवं होतं. बोटाएवढं चाललं असतं. करंगळीएवढंही. ते सापडलं असतं तर मी खोटं बोललोच नव्हतो — नुसता अंदाज बरोबर आला असता. मी बुंध्यापर्यंत खणत गेलो. काळी, चिकट, ओली माती. करंजाचं मूळ सरळ खाली गेलं होतं, पाण्याच्या मागे. फुटपाथच्या वाट्याला ते आलंच नव्हतं.

सिस्टर ओसरीवर होत्या. आता त्यांच्या ओसरीवर लख्ख ऊन आलं होतं. त्यांनी तिथूनच विचारलं, "सापडलं का गा मूळ?"

यावेळी मला वेळ होता. विचार करायला पुरेसा. यावेळी मान आपोआप गेली, असं म्हणता येणार नाही.

"हो," मी म्हणालो. "चांगलं जाड होतं. काढून टाकलं."

"बरं केलं," त्या म्हणाल्या. आणि आत गेल्या.

नवीन तुकडा मी नियमाप्रमाणे केला. माती पूर्ण काढली, मुरूम ठोकून भरला, खाचा स्वतः उभं राहून पाडून घेतल्या, गोणपाट कोरडं पडू दिलं नाही. तो आजही केसभर हललेला नाही. आणि यातच सगळं पक्कं झालं. झाड गेलं, फुटपाथ टिकला — याहून मोठा पुरावा लोकांना कोणता हवा? सिस्टर तर येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायच्या. दवाखान्यात आयुष्य गेलेलं, त्यांच्या शब्दाला मान. पुढच्या घरच्यांनी त्यांचं झाड तोडून घेतलं, मग त्याच्या पुढच्यांनी. कोणाचा फुटपाथ फुटला नव्हता. फुटू नये म्हणून.

पुढच्या उन्हाळ्यात मी तिकडून जात होतो. सिस्टरांनी हाक मारून बसवलं. ओसरीला हिरवी जाळी बांधली होती, कूलर घरघरत होता, तरी भिंत तव्यासारखी तापलेली. हात बरा झाला होता, पण मूठ पूर्ण वळत नव्हती. माझ्यापुढे सरबत ठेवून म्हणाल्या, "तुले तर यातलं सगळं समजते. मी इचारत होती — त्याच जागी दुसरं कोणतं झाड लावलं तर चालंल का? ज्याचं मूळ असं वर येत नाही असं?"

मला उत्तर येत होतं. तुम्हालाही आता येतं. करंजच लावा सिस्टर, तिथेच लावा, काही होणार नाही. एवढंच म्हणायचं होतं. पण एवढं म्हटलं असतं, की त्यांनी पुढचा प्रश्न विचारला असता. तशा त्या हुशार होत्या. मग ते झाड काहून पाडलं?

मी सरबताचा ग्लास खाली ठेवला आणि म्हणालो, "नको सिस्टर. झाड म्हटलं की मूळ आलंच. कुंडीत लावा काहीतरी."

त्यांनी मान हलवली. "बरोबर आहे," म्हणाल्या.

मॅचचं मी एकवेळ कोणालाही सांगेन. साहेबांसमोरच्या त्या दोन शब्दांचंही सांगेन. या उत्तराचं सांगता येत नव्हतं. त्या दिवशी समोर साहेब नव्हते, मालक नव्हता, तिकीट नव्हतं. एक बाई होती, तिला सावली हवी होती, आणि तिचा माझ्या शिक्षणावर विश्वास होता.

सिस्टर अजून तिथेच राहतात. ओसरीवर कुंड्या आहेत, त्यांना पाणी घालतात. गल्लीत आता एकही झाड नाही. फुटपाथ अगदी नियमात बसणारा आहे — रुंद, सपाट, फाटकाफाटकापाशी उतार दिलेला. मार्चपासून जूनपर्यंत दुपारी त्यावरून कोणी चालत नाही.