मानेचा मळ

माझ्या हळदीला मेडशीच्या मांडवात नवऱ्याची उष्टी हळद घेऊन मोठी नणंद आली, आणि हळद लावता लावता तिने माझी मान पाहिली. "पोरीनं जन्मात मान घासली नाही वाटते," म्हणाली आणि टाचा घासायची वज्री मागून घेतली. सगळ्या बाया हसल्या. नवरीने रडू नये म्हणून मीही हसले. मान कितीतरी दिवस चुरचुरत होती.

लग्नानंतर पाळी महिनोनमहिने गायब, वजन वाढतच चाललेलं, मूल नाही. नणंद माहेरी आली की माझ्या ताटावर डोळा ठेवून बसायची. "घासावर घास हाणते, अन् पाळणा रिकामा." सोमवार, चतुर्थी, एकादशी तिनेच माझ्यामागे लावली. उपास म्हणजे साबुदाण्याची उसळ, बटाटे आणि गोड चहा. देवाच्या नावाने उपाशी राहून मी आणखी फुगले.

वाशीमच्या डॉक्टरीणबाईंनी माझी मान पाहिली आणि म्हणाल्या, "हा मळ नाही. तुमचं शरीर इन्सुलिनचं ऐकत नाही, म्हणून ते आणखी आणखी तयार होतं. मान, वजन, पाळी, सगळं त्यातलंच." साबुदाणा बंद झाला, गोळ्या आल्या, पुढे तपासण्या करून आठवड्यातून एकदा घ्यायची सुई सुरू झाली. सुईने डोक्यातली भुकेची कटकट थांबली तेव्हा मला कळलं, मी हावरट कधी नव्हतेच. मूल झालं नाही. पण पाळी आली, वजन उतरलं, आणि नणंदेवरचा राग मात्र चांगला धष्टपुष्ट राहिला.

गेल्या उन्हाळ्यात ती कारंजाहून एसटीने आली, सोबत कॉलेज संपलेली लेक. एवढ्या उकाड्यात पोरीच्या गळ्याभोवती ओढणी. नणंद माझ्यामागे स्वयंपाकघरात शिरली.

"तुह्या फ्रीजमधी बारीक व्हाची सुई असते म्हणे. दोन दे. पोरीले पाहाले पाहुणे येऊन राह्यले."

"तिची पाळी नीट येते का, ताई?"

"ते तुले कायले पायजे?"

मी बाहेर जाऊन पोरीची ओढणी बाजूला केली. मान काळी, आणि घासून घासून सोललेली. खोटं कशाला बोलू, आधी मला बरं वाटलं. करावं तसं भरावं! मग पोरीकडे पाहिलं. तिने माझं काय वाकडं केलं होतं?

"सुई म्हणजे काही संक्रांतीचं वाण नाही, ताई, मागितलं का दिलं. पोरीले मी दवाखान्यात नेतो. पण तुमी बाहेर बसान."

दवाखान्यात पोरगी म्हणाली, "मामी, तूच चाल आत." नणंद बाकड्यावर राहिली. हा मळ नाही हे ऐकून पोरगी हुंदके देऊन रडली. डॉक्टरीणबाईंनी तपासण्या लिहून दिल्या. सुईचं नंतर ठरवू, म्हणाल्या, आणि लग्नाच्या घाईसाठी तर मुळीच नाही.

बाहेर येऊन पोरगी आईला म्हणाली, "पाहुण्यायले नाही म्हणून सांग. मले आधी बरं व्हाचं हाय."

नणंद सगळ्या पेशंटांसमोर माझ्यावर ओरडली, "तूच फितवली माह्या पोरीले!"

"हो," मी म्हणाले. इतक्या वर्षांत ती माझ्याबद्दल पहिल्यांदाच खरं बोलली होती.