हुमला आणि कापसाचा बोळा

आंबे उतरवताना हुमला, म्हणजे झाडावरची तांबडी मुंगी, माझ्या कानात शिरला. मी ओरडत शिडीवरून खाली आलो, तोवर आईने तिचे औषध तयार ठेवले होते. कानात काही गेले की वर कापसाचा बोळा कोंबायचा, म्हणजे ते आतच घुसमटून मरते. आमच्या वाडीत सगळे हेच करतात. पंचेचाळीस वर्षांचा मी तासभर पडवीत तिच्या मांडीवर डोके ठेवून पडलो होतो आणि कानात पत्र्यावर कुणी नाचावे तसे त्याचे पाय वाजत होते. बोळ्याकडे हात नेला की आई चापट मारायची.

शेवटी जामसंड्याला डॉक्टरांकडे गेलो. आईही आली. त्यांनी तेलाचे थेंब टाकून चिमट्याने हुमला काढला आणि टेबलावरचा कानाचा प्लास्टिकचा नमुना उघडून दाखवला. भोकापासून इंचभर वाकडा बोगदा आणि शेवटी पडदा. पुढे वाटच नाही.

"पडद्यावर आपटून तो बाहेर यायलाच बघत होता," ते म्हणाले. "वाट तुम्ही बंद केलीत."

मी आईकडे बघितले. ती शांतपणे म्हणाली, "बोळो घातलंय म्हणान ह्यो वाचलो. नायतर हुमलो मेंदूत गेलो असतो."

दुसऱ्या सकाळी मी शिडी उचलली, तेव्हा ती कापूस घेऊन उभीच होती. या वेळी बोळे दोन होते. मी मुकाट्याने मान वाकवली.